चौसष्ट घरांचा पेहराव

बुद्धिबळाचा पट मुळात एकरंगी होता. भारतात ज्या अष्टापदावर चतुरंग मांडले जाई, त्यावर नुसत्या रेषा असत आणि काही घरांत फुल्या. गडद आणि फिकी अशी आळीपाळीची घरे इ. स. १००० च्या सुमारास युरोपात दिसू लागली. त्यासाठी खेळाचा एकही नियम बदलावा लागला नाही. बदलले ते एवढेच, की तिरप्या रांगा डोळ्यांना आपोआप दिसू लागल्या. रंग दोन झाले आणि खेळ वाचायला सोपा झाला.

आज वाशीम, रिसोड, कारंजा इथली कितीतरी मुले पहिला पट पाहतात तो मोबाइलच्या पडद्यावर. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. विदर्भातल्या मुलांना हा खेळ आता परका नाही. ही मुले सेटिंगमध्ये जाऊन पटाची 'थीम' बदलतात: लाकडी, हिरवी, निळी. मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण पटाचे रूप हवे तसे बदलता येणे ही संगणकशास्त्रातली महत्त्वाची सोय आहे आणि तिच्यामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे.

ही सोय शक्य होते, कारण बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये विचार करणारा भाग आणि दाखवणारा भाग वेगळे ठेवलेले असतात. विचार करणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात. स्टॉकफिश हे त्यातले आजचे सर्वांत नावाजलेले, कुणालाही मोफत मिळणारे इंजिन. त्याला पट दिसतच नाही. पांढरी प्यादी कुठे आहेत, हे त्याच्या लेखी ६४ बिटांची एक संख्या असते: प्यादे असलेल्या घरासाठी १, नसलेल्या घरासाठी ०. दिसणारा पट सांभाळतो तो दुसरा प्रोग्राम. या दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचा 'यूसीआय' नावाचा संकेत २००० साली ठरला. पडद्याकडून डावाची स्थिती जाते, इंजिनाकडून चाल परत येते. पटाच्या रंगाचा उल्लेख कुठेच नसतो. पोळ्याला झूल बदलली म्हणून बैलाचे बळ कमी-जास्त होत नाही, तसे थीम बदलल्याने इंजिनाच्या ताकदीत तसूभर फरक पडत नाही. म्हणूनच ती निर्धास्तपणे बदलता येते.

मग थीममध्ये असते तरी काय? घरांचे दोन रंग, मोहऱ्यांची १२ चित्रे (सहा प्रकार, प्रत्येकी दोन बाजू), शेवटची चाल आणि शह दाखवण्याच्या खुणा आणि हवे असतील तर आवाज. चित्रे बहुधा 'एसव्हीजी' प्रकारची असतात. अशा चित्रात ठिपके साठवलेले नसतात. रेषा कुठून कुठे आणि कशी वळत जाते याचे वर्णन असते. त्यामुळे तोच घोडा छोट्या मोबाइलवर आणि शाळेच्या भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर सारखाच रेखीव दिसतो.

खरी कसोटी रंग निवडताना लागते. पांढरा मोहरा फिक्या घरावर, पांढरा गडद घरावर, काळा फिक्यावर, काळा गडदावर: या चारही जोड्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. दोन रंगांतला उठाव मोजण्याचे एक प्रमाण आहे. दोघांची तेजस्विता मोजायची, प्रत्येकीत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे. शुद्ध काळ्या-पांढऱ्याचे उत्तर २१ येते, एकाच रंगाचे १. पडद्यावरची अर्थपूर्ण चित्रे आणि खुणा यांच्यासाठी निदान ३ हवे, असे वेबच्या सुगम्यता-निकषांत म्हटले आहे. पांढरा मोहरा आणि मलईरंगी घर यांचे गुणोत्तर याच्या बरेच खाली जाते. म्हणून पांढऱ्या मोहऱ्याला गडद कड काढतात, काळ्या मोहऱ्याच्या आत फिक्या रेषा. वैशाखात बाहेरच्या लख्ख उजेडात मोबाइल उघडला, की पडद्यावर पडणाऱ्या प्रकाशाने हा उठाव आणखी घटतो. तिथे देखणी पण मंद थीम कुचकामी ठरते.

खुणांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. लाल म्हणजे शह, हिरवे म्हणजे चाल करता येईल असे घर, हा संकेत अनेकांना सोपा वाटतो. पण लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे असतात. या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांमध्ये बराच जास्त आढळतो. अशा मुलाला तो संकेत वाचताच येत नाही. उपाय सोपा आहे: रंगाच्या जोडीला आकार द्यावा. शहाला जाड चौकट, चालीच्या घराला ठिपका.

आकाराचे महत्त्व मेंदूच्या अभ्यासातूनही कळते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली दाखवले, की निष्णात खेळाडू खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद पाहून बरीचशी पुन्हा मांडू शकतो. मोहरे वाटेल तसे विखुरले, की त्याचे हे वर्चस्व जवळजवळ संपते. म्हणजे तो सुटे मोहरे पाहत नाही, ओळखीचे गट पाहतो. ही ओळख पटकन पटायला मोहऱ्यांचे आकार सवयीचे असावे लागतात. स्पर्धांमध्ये आज दिसणारी स्टाँटन पद्धत १८४९ साली इंग्लंडमध्ये नोंदवली गेली. ती टिकली, कारण तिचा प्रत्येक मोहरा चटकन वेगळा ओळखू येतो. स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाने म्हणून सरावाला स्टाँटनशी मिळतीजुळती थीम ठेवावी आणि ती रोज बदलू नये.

रूप आणि विचार वेगळे ठेवल्याचा सर्वांत मोठा लाभ दृष्टिहीन खेळाडूंना झाला आहे. त्यांच्या लाकडी पटावर काळी घरे किंचित उंच असतात, मोहरे भोकांत बसतात आणि एका बाजूच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोचणी असते. बोटांनी सगळा पट वाचता येतो. संगणकावर हेच काम आवाज करतो. मुंबईचे दृष्टिहीन बुद्धिबळपटू चारुदत्त जाधव यांनी 'टॉक ६४' हा बोलका बुद्धिबळ प्रोग्राम घडवला. डाव तोच, नियम तेच. पटाचे रूप मात्र ध्वनीचे. ज्या प्रोग्राममध्ये चित्र आणि विचार एकमेकांत गुंतलेले असतात, त्यात हे जोडणे फार अवघड जाते.

वाशीमच्या एखाद्या शाळेतल्या संगणक कक्षात हे काम करून पाहता येईल. लिचेस या २०१० साली सुरू झालेल्या मोफत संकेतस्थळाचा सगळा कोड खुला आहे आणि त्यात मोहऱ्यांचे अनेक संच आहेत, अगदी नुसत्या रोमन अक्षरांचासुद्धा. आपल्या मुलांनी देवनागरीचा संच करावा: रा, व, ह, उ, घ, प. सहाही अक्षरे वेगळी आहेत, नवशिक्याला लगेच कळतील. किंवा बुरुजाच्या जागी खरा हत्ती आणि टोपीच्या जागी खरा उंट काढावा. पुढची पायरी तपासणीची. पडदा रंगविरहित करून चारही जोड्या दिसतात का ते पाहावे, उन्हात पाहावे, ज्याला रंग कमी कळतात त्याला खेळायला द्यावे. तो न अडखळता पूर्ण डाव खेळला, तर थीम जमली. बारा चित्रांच्या या कामातून मुले भूमिती, प्रकाश आणि प्रोग्रॅमिंग एकदम शिकतील आणि आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सवयही त्यांना लागेल.