शीतला सप्तमी : चुलीचा विसावा

श्रावण शुद्ध सप्तमी ही शीतला सप्तमी. श्रावणातील इतर सणांना चुलीवर पुरण शिजते, कढई चढते. या एका दिवशी मात्र चूल पेटवावयाची नाही, असा व्रताचा दंडक आहे. आदल्या दिवशी रांधलेले अन्न थंडच सेवन करावयाचे आणि निवलेली चूल स्वच्छ करून तिची पूजा करावयाची. गुजरातेत हे व्रत श्रावण वद्य सप्तमीस होते. आदल्या षष्ठीस तेथे ‘रांधण छठ’ म्हणतात. तिकडील कथेत त्या रात्री शीतलादेवी घरोघरच्या चुलीत लोळावयास येते. एका घरी विस्तव तसाच राहिलेला असतो आणि देवीचे अंग पोळते. कथा भाबडी खरी, परंतु तिचा बोध व्यवहाराचा आहे : विस्तव विझविल्यावाचून निजू नये.

देवीचे ध्यानही पाहण्याजोगे आहे. वाहन गर्दभ, मस्तकी सूप, हाती कलश आणि मार्जनी. मार्जनी म्हणजे केरसुणी. इतर देवता शस्त्रे धारण करतात. हिने केरसुणी धारण केली. ज्या ‘देवी’च्या रोगाचे भय या उपासनेमागे होते, तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने ८ मे १९८० रोजी केली. हे यश लसीचे. परंतु रोग गेला म्हणून हातातील केरसुणीचे प्रयोजन संपले, असे आम्हांस वाटत नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे वधस्थान. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, या पाच ठिकाणी नकळत जीवहत्या घडते. तिच्या निष्कृतीसाठीच पंचमहायज्ञांची योजना आहे. या पाचांत पहिले नाव ‘चुल्ली’चे, म्हणजे आपल्या चुलीचेच. जिच्यावर सर्वांचे पोट भरते, तेथेच सर्वाधिक सावध असावे, हा त्यातील भाव. आमच्या जुन्या गृहिणी तो आचरणात आणीत. पहाटे राख काढावी, बारीक जीव नाहीत हे पाहावे, पोतेऱ्याने चूल, वैल व भानवस सारवावी आणि मगच विस्तव घालावा. काढलेली राखही वाया जात नसे. तिनेच भांडी लख्ख होत.

हा झाला पूर्वरंग. आता उत्तररंग आजच्या ओट्याचा. बहुतेक घरी मातीच्या चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतली आहे. परंतु अग्नी तोच आणि त्याचे नियमही तेच. जेटच्या सूक्ष्म छिद्रातून निघालेला वायू वाटेत हवा ओढून घेतो आणि ते मिश्रण बर्नरच्या छिद्रांपाशी जळते. ज्योत निळी व स्थिर असेल तर ज्वलन नीट चालले आहे. दूध उतू गेले, वरणाचा फेस सांडला, की छिद्रे बुजतात. ज्योत पिवळी होते, भांड्याचे बूड काळवंडते, वायू व्यर्थ जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उत्पन्न होऊ शकतो. यास्तव प्रथम रेग्युलेटर बंद करावा, शेगडी पूर्ण निवू द्यावी. सुटे होणारे बर्नर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावे, छिद्रे बारीक टाचणीने मोकळी करावी, पण मोठी करू नयेत. पितळेस चिंच किंवा लिंबू चालते. पुरते कोरडे झाल्यावाचून बर्नर परत बसवू नये. शेगडीखालचा ओटा पुसावा, तेथेच झुरळांचा वास असतो. नळीवर छापलेली मुदत पाहावी. वायू गळतो की काय, हे साबणाच्या फेसाने पाहावे. काडी ओढून कदापि पाहू नये.

आता मुख्य गोष्ट. या व्रतात चुलीस विसावा मिळतो. चूल पेटविणारीस मिळतो काय? आदल्या दिवशी ती दुप्पट रांधते आणि सप्तमीस, सुट्टी म्हणून, चूल घासत बसते. चुलीचा विसावा तिच्याच श्रमांतून उभा राहावा, हे व्रताच्या हेतूशी जुळत नाही. शास्त्र पाहू जावे तर स्मृतीने त्या पाच सूना गृहस्थाच्या म्हणून सांगितल्या आहेत. त्यांची निष्कृतीही त्याच्याच शिरी ठेवली आहे. ती निष्कृती ताटावर बसून होत नाही. वैश्वदेव आता थोड्याच घरी उरला. परंतु पोतेरे हाती घेण्यास मंत्र लागत नाही.

म्हणून या सप्तमीस घरच्या पुरुषांनी व मुलांनी शेगडी उतरवावी, बर्नर घासावे, ओटा धुवावा आणि मग त्यावर हळदकुंकू वाहण्यास गृहिणीस बोलवावे. दुसऱ्या दिवशी ती ज्योत पेटवील, ती निळी असेल. पूजा पोचल्याची तेवढी खूण पुरे.