गच्चीवरच्या टाकीला कोणता मेंदू?

गच्चीवरील टाकी भरून पाणी धो धो वाहू लागले, की खालून कोणीतरी ‘पंप बंद करा!’ म्हणून ओरडते. तोवर बादल्याच्या बादल्या पाणी गटारात गेलेले असते. टाकीत पाणी किती आहे, हे घरात बसूनच समजले तर? त्यासाठी एक संवेदक आणि त्याची माहिती घेणारा एक छोटा मेंदू हवा. संवेदक स्वस्तात मिळतो. मेंदू निवडतानाच खरा विचार करावा लागतो.

आपला संवेदक वटवाघळासारखे काम करतो. टाकीच्या झाकणाखाली बसून तो सेकंदाला ४०,००० कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी पाण्याकडे सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. पाणी १ मीटर खाली असेल, तर जाऊन-येऊन ५.८ सहस्रांश सेकंद लागतात. पातळी १ सेंटिमीटरने बदलली, तर फरक पडतो अवघ्या ५८ दशलक्षांश सेकंदांचा!

हा काळ मोजायला ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेला रास्पबेरी पाय घ्यावा, असे पुष्कळांना वाटते. तो तळहातावर मावणारा पूर्ण संगणकच आहे. पण त्याला एकाच वेळी अनेक कामे सांभाळायची असतात. प्रतिध्वनी परतेल त्या क्षणी तो दुसऱ्याच कामात गुंतलेला असू शकतो. शिवाय काम चालू असताना वीज गेली, तर त्याचे मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका असतो. आपल्याकडे वीज काही सांगून जात नाही.

इटलीत २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोचे तसे नाही. त्याच्या ‘उनो’ या पाटीवरील सूक्ष्मनियंत्रकाला कामापुरती स्मृती फक्त २ किलोबाइट. पण तो एकच काम करतो आणि ते चोख करतो. मात्र मूळ ‘उनो’ला वायफाय नाही. गच्चीपासून घरापर्यंत तार ओढायची कोणी? शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी-३२ मध्ये सूक्ष्मनियंत्रक आणि वायफाय, दोन्ही एकत्र आहेत.

आता विजेचा हिशेब पाहू. गच्चीवर प्लग नसतो, म्हणून २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल घेऊ. त्यात साधारण ९ वॉट-तास ऊर्जा मावते. ‘रास्पबेरी पाय ४’ नुसता बसून सुमारे ३ वॉट खातो. तीन तासांत सेल रिकामा! ईएसपी-३२ सतत जागी ठेवली आणि सरासरी १०० मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर तीही एका दिवसात थकेल. पण तिला गाढ झोपता येते. झोपेत ही चिप १ मिलिअँपिअरच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच प्रवाह घेते. दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागी झाली, तर दिवसात एकूण ८ मिनिटे जागरण, म्हणजे खर्च साडेतेरा मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. तोच सेल कागदावर सहा महिने पुरतो! प्रत्यक्षात कमी, कारण पाटीवरचा लुकलुकता दिवा आणि इतर भाग चिप झोपली तरी जागेच असतात. पंप चालू असताना मात्र १५ मिनिटे फार होतात. तेव्हा दर मिनिटाला उठवावे.

संवेदक ३.३ व्होल्टवर चालणारा निवडा; ५ व्होल्टचा संकेत थेट दिल्यास ईएसपी-३२ बिघडू शकते. पंपाच्या २३० व्होल्टच्या तारांना हात लावू नका. आणि टाकीवर चढण्याआधी एका बादलीत थोडे थोडे पाणी ओतत, संवेदकाचे आकडे फूटपट्टीशी ताडून पाहा.