कवितेला गुण कोणी द्यायचे?

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

बारमधली कविता या विषयावर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने बोलायचं, यात थोडी गंमत आहे हे मला मान्य आहे. पण विषय आपल्या अंगणातला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची कितीतरी मुलं-मुली आठवड्यातून एकदा लोकल पकडून खार-अंधेरीकडे कविता म्हणायला जातात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. अंधेरीला जायचं तर मध्ये दादरला गाडी बदलायची. एवढं करून माइकसमोर किती वेळ मिळतो? तीन मिनिटं, फार तर पाच. माणसं एवढा खटाटोप कशासाठी करतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण त्या नेहमी एकत्र बोलल्या जातात. एक ओपन माइक आणि दुसरा पोएट्री स्लॅम. ओपन माइकमध्ये नाव नोंदवायचं, पाळी आली की उभं राहायचं, म्हणायचं आणि खाली बसायचं. तिथे तत्त्व असं, की बोलायचा अधिकार कोणालाही आहे. स्लॅम त्याच्या पुढे जातो. तिथे निकाल द्यायचा अधिकारही कोणालाही आहे. पहिली गोष्ट आपण पटकन मान्य करतो. दुसरी ऐकली की साहित्यातल्या लोकांच्या कपाळावर आठी पडते. म्हणून आज मी दुसरीवर जास्त बोलणार आहे.

स्लॅमचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत शिकागो शहरात मार्क स्मिथ नावाचे कवी होते, बांधकामाच्या धंद्यातून आलेले. विद्यापीठातली कवितावाचनं त्यांना मिळमिळीत वाटायची. त्यांनी १९८४ च्या सुमारास 'गेट मी हाय लाउंज' नावाच्या ठिकाणी कवितेच्या रात्री सुरू केल्या आणि १९८६ च्या जुलैत 'ग्रीन मिल' या जुन्या जॅझ क्लबमध्ये दर रविवारचा स्लॅम सुरू केला. त्याचा नियम मोठा मजेशीर आहे. प्रेक्षकांतून पाच जण निवडायचे. ते कवितेचे जाणकार असायला हवेत अशी अजिबात अट नाही. प्रत्येकाने शून्य ते दहा गुण द्यायचे, दशांशासह. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकायचे, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे समजा गुण आले ९.१, ८.४, ८.२, ७.९ आणि ४. यातले ९.१ आणि ४ गेले. उरले २४.५. वेळ तीन मिनिटं. वर थोडी सवलत, मग गुण कापतात. वाद्य चालत नाही, वेशभूषा चालत नाही. आणि कविता आवडली नाही तर लोक पाय आपटतात, कण्हतात, चुटक्या वाजवतात.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. कलगी-तुऱ्याचा सामना काय होता? एका बाजूला शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले, दुसऱ्या बाजूला शिवाला मानणारे तुरेवाले. रात्रभर सवाल-जवाब. एकाने कवनात कूट घालायचं, दुसऱ्याने उभ्या उभ्या कवनातच सोडवायचं. आणि कोण हरलं हे समोर बसलेल्या गावाला कळायचं, त्याला परीक्षक मंडळ लागत नसे. पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, ते गिरणगावात, चाळींसमोर, मैदानात. तिथला श्रोता दिवसभर मशीनवर उभा राहून आलेला. त्याला कंटाळा आला तर तो उठून जाणार, हीच त्याची गुणपत्रिका.

आणि मध्यमवर्गात? पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमत आणि एकमेकांना कविता ऐकवत. पुढे त्यांनी जाहीर काव्यगायन केलं, गावोगावी. त्यावर आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून जी टवाळी केली, ती मराठीतली पहिल्या दर्जाची हुर्यो आहे असं माझं मत. मुंबईत अरुण कोलटकर काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये दर गुरुवारी ठरलेल्या टेबलावर बसत, मित्र येत. तिथे माइक नव्हता, गुण तर नव्हतेच. पण वार ठरलेला होता. हे 'वार ठरलेला असणं' लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आक्षेपाकडे. सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम आक्षेप प्लेटोचा आहे. 'लॉज' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो म्हणतो, की पूर्वी लोक शांतपणे शेवटपर्यंत ऐकत आणि निवाडा जाणत्यांवर सोपवत. पुढे कवींनीच प्रकारांची सरमिसळ केली, लोकांना वाटू लागलं की जे आवडतं तेच चांगलं, आणि शिट्ट्या-टाळ्यांचं राज्य आलं. या राज्याला त्याने शब्दही काढला, 'थिएट्रोक्रसी'. म्हणजे प्रेक्षकशाही. त्याची भीती अशी, की गाण्यात ज्याला आपण जाणते आहोत असं वाटू लागलं, त्याला उद्या कायद्यातही तसंच वाटेल.

माझं म्हणणं, प्लेटो अर्धा बरोबर आहे. टाळीसाठी लिहिलेली कविता आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दर चौथ्या ओळीला आवाज चढवायचा, थांबायचं, समोर बघायचं. पण जाणता श्रोता जन्मतःच जाणता असतो आणि गर्दी जन्मतःच अडाणी, हे त्याने गृहीत धरलं. आपल्याकडे याचा विचार जास्त बारकाईने झाला आहे. अभिनवगुप्ताने 'सहृदय' कोण हे सांगताना महत्त्वाचा शब्द वापरला, अभ्यास. काव्याच्या सतत परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तो सहृदय. आरसा पुसावा लागतो. आणि एकदा पुसून भागत नाही, आमच्या घरातल्या आरशासारखंच.

म्हणून दर आठवड्याला जमणं महत्त्वाचं. वर्षातून एकदा भव्य कविसंमेलन भरवलं तर श्रोता तयार होत नाही. तो पाहुणा असतो. तीच चाळीस माणसं पन्नास आठवडे एकमेकांचं ऐकत राहिली, तर विसाव्या आठवड्याला त्यांना चढवलेला आवाज ओळखू येऊ लागतो. मग त्यांतल्या कोणत्याही पाच जणांच्या हातात पाटी द्या, निकाल फार वाईट लागणार नाही.

इथे राजशेखराची आठवण काढायलाच हवी. दहाव्या शतकाच्या आरंभाचा हा ग्रंथकार, 'काव्यमीमांसा' त्याची. त्याने श्रोत्या-समीक्षकांचे चार प्रकार केले. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, म्हणजे जो गवतासकट सगळं खातो, सगळ्याला वाहवा म्हणतो. मत्सरी, जो कळूनही गुण मान्य करत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो खऱ्या मर्माला भिडतो, तो हजारात एखादा. आता स्लॅमचा नियम परत बघा. वरचा आकडा काढून टाकला की गवत खाणारा गेला, आणि त्याच्याबरोबर कवीचा मामेभाऊही गेला. खालचा आकडा काढला की अरोचकी किंवा मत्सरी गेला. शिकागोच्या माणसाने राजशेखर वाचला असण्याची शक्यता नाही, पण रोगाचं निदान तेच आहे. उपायाला एक मर्यादा मात्र आहे. कधी कधी तो हजारातला एखादाच सर्वांत कमी गुण देतो, आणि त्याची पाटीही फेकली जाते.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ केलं, ती सांगतो. अशा कार्यक्रमांत स्वतःच्या दुःखाच्या कविता फार असतात. समजा, एक मुलगी उभी राहते. वीस वर्षांची. घरात तिच्याशी जे झालं ते सांगते. आवाज थरथरतो. सभागृह स्तब्ध. आणि मग पाच पाट्या वर येतात, ७.२, ६.८... आपण नेमके कशाला गुण दिले? कमी दिले तर तिच्या दुःखाला कमी लेखलं असं तिला वाटणार. जास्त दिले तर पुढच्या आठवड्यात दुसरा मुलगा याहून मोठी जखम घेऊन येणार, आणि नसली तर शोधून आणणार. दोन्हीकडून वाईट.

आपल्या रसविचारात याचं उत्तर आहे. वाल्मीकीची गोष्ट सर्वांना माहीत आहे, क्रौंचवधाचा शोक झाला आणि त्याचा श्लोक झाला. अभिनवगुप्त तिथे स्पष्ट सांगतो, की हा मुनीचा खाजगी शोक समजू नका. मुनी नुसता दुःखीच असता तर श्लोक कुठून येणार? शोक हा करुण नव्हे. शोक एका माणसाचा असतो. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटलं ते घडलं, तो शोक 'माझा', 'तुझा' या खुंट्यांवरून सुटला, की करुण होतो. रसाच्या आड येणारी सात विघ्नं अभिनवगुप्ताने मोजली आहेत. त्यांतलं एक म्हणजे 'हे अमुकचंच दुःख' या बंधनात अडकणं. दुसरं म्हणजे आपल्याच सुखदुःखात बुडून जाणं. पहिलं कवीला लागतं, दुसरं श्रोत्याला, आणि बारमध्ये दुसऱ्याची सोय जरा जास्तच असते!

पण म्हणून त्या मुलीला 'हा रस नाही, खाली बस' म्हणायचं का? मुळीच नाही. तिला बोलायची जागा हवी, आणि कदाचित आयुष्यात पहिल्यांदा ती मिळाली आहे. तिथे ऐकणं हेच कर्तव्य. म्हणून ओपन माइक आणि स्लॅम वेगळे ठेवा असं मी सुरुवातीपासून म्हणतोय. साक्ष द्यायची रात्र वेगळी, सामन्याची वेगळी. एकाच रात्री दोन्ही करायचे तर कवीला विचारा, गुण हवेत का. नको म्हणाला तर पाट्या खाली. एवढा साधा नियम पुरतो.

आता जागेचा प्रश्न. शिकागोत बार म्हणजे नाक्यावरची बैठक. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून पाटीवर 'परमिट रूम'. आणि आपल्या पट्ट्यात बार म्हटलं की डान्स बार आठवतो. २००५ ची बंदी, २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ते सगळं. शिवाय महाराष्ट्रात कायद्याने दारूचं वय २५, सौम्य बियरचं २१. ज्या वयात माणूस सर्वांत जास्त कविता लिहितो ते वय नेमकं याच्या अलीकडे! वर मुलींच्या घरचे 'बार' शब्द ऐकूनच दार लावून घेतात. म्हणजे ज्यांच्यासाठी माइक उघडा ठेवायचा, त्यांच्यासाठीच दार बंद. रात्री दहानंतर कल्याणच्या पुढे एकटीने यायचं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना मी सांगायची गरज नाही. बारचं मला वावडं नाही. पण आपल्या तीन गावांत साप्ताहिक बैठक टिकवायची तर ती संध्याकाळी सहाला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी हवी. वाचनालयाचा हॉल, खानावळीचा माळा, क्लासची रिकामी खोली, काहीही. रविकिरण मंडळाचं चहावर भागलं.

प्रश्न? हो, बोला. ... मागे ऐकू गेलं नसेल. विचारतायत, उल्हासनगरात सिंधी, मराठी, हिंदी, आगरी, सगळ्या भाषांचे कवी आले तर परीक्षकांना भाषाच कळणार नाही, मग काय?

फार चांगला प्रश्न. परत राजशेखरच. राजाच्या काव्यसभेत कोणी कुठे बसावं हे त्याने लिहून ठेवलंय. उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत, पश्चिमेला अपभ्रंश, दक्षिणेला पैशाची. आणि अपभ्रंश कवींच्या मागे कोण? चित्रकार, सोनार, सुतार, लोहार. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी कवितेची सभा बहुभाषिक होती आणि त्यात कारागीर बसलेले होते. आमच्या अंबरनाथच्या कारखान्यांतल्या माणसांची जागा तिथे ठरलेलीच होती म्हणा.

उल्हासनगरचं प्रकरण तर याहून विशेष. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांची ही लष्करी छावणी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये तिला उल्हासनगर नाव मिळालं. अजून आपण पत्ता सांगताना 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' म्हणतो. १९६७ साली सिंधी भाषा आठव्या परिशिष्टात गेली, पण लिपीचा वाद राहिला, अरबी वळणाची की देवनागरी. आज कितीतरी घरांत आजोबांच्या वहीत कविता आहेत आणि नातवाला ती लिपी वाचता येत नाही. कानाला मात्र लिपी लागत नाही. आजोबांनी किंवा आजीने म्हटलं तर नातवाला बरंच कळतं. तीच गोष्ट आपल्या आगरी धवल्यांची, लग्नात धवलारीण म्हणते ते. कागदावर फार थोडं आलंय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. अशा रात्री गुण देऊ नका. कवीने आधी दोन वाक्यांत, बाजारातल्या हिंदीत म्हणा, मराठीत म्हणा, कविता कशाबद्दल आहे ते सांगावं, मग आपल्या भाषेत म्हणावी. आवडली तर पुन्हा म्हणायला लावा, मुशायऱ्यात 'मुकर्रर' म्हणतात तसं. दुसऱ्यांदा ऐकताना निम्मे शब्द ओळखीचे झालेले असतात. आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, कवीला विचारून.

अजून कोणी? त्या खांबाजवळच्या बाई, तुमचा हात मघापासून वर आहे. बोला.