शिर्डी ते लीड्स : ‘द हू’ची सुरुवातीची लाइव्ह ध्वनिमुद्रणं

साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकचा विषय निघाला की नगर जिल्हा कुणाच्या डोक्यात येत नाही. लंडनच्या ‘द हू’ या बँडपुरतं तरी तो यायला हवा.

मेहेरबाबांचे भक्त सांगतात, की १९१५च्या डिसेंबरात तरुण मेरवान इराणी (पुढचे मेहेरबाबा) शिर्डीला आला तेव्हा त्याला पाहून साईबाबा ‘परवरदिगार’ एवढंच म्हणाले. पुढे मेरवान शिर्डीजवळच्या साकोरीत उपासनी महाराजांपाशी राहिला. मग नगरजवळ मेहेराबाद वसलं. १० जुलै १९२५ला धरलेलं मौन मेहेरबाबांनी ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड १९६७मध्ये त्यांच्याकडे वळला. मेहेरबाबांचा एलएसडीला सक्त विरोध होता. टाउनशेंडनेही त्या काळात अमली पदार्थ सोडले.

हा बदल ऐकायचा असेल तर स्टुडिओतल्या तबकड्यांपेक्षा मैफलींच्या टेप उपयोगी पडतात. एप्रिल १९६८मधलं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टचं ध्वनिमुद्रण घ्या. पन्नास वर्षं चोरट्या प्रतींवर फिरलेली ही मैफल २०१८मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली. त्यातलं ‘माय जनरेशन’ तब्बल ३३ मिनिटं चालतं. कीथ मूनचे ड्रम थांबायचं नाव घेत नाहीत, गिटार वाट फुटेल तिकडे जाते. काही जागी कंटाळाही येतो. पण वादक काहीतरी शोधताहेत, हे कळतं.

मे १९६९मध्ये ‘टॉमी’ आला. आंधळ्या, मुक्या, बहिऱ्या मुलाच्या या संगीतकथेच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचं नाव ‘अवतार’ म्हणून छापलं आहे. पुढे १४ फेब्रुवारी १९७०ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात जी मैफल झाली, तिची तबकडी आजही रॉकमधली उत्तम लाइव्ह तबकडी मानली जाते. वेष्टन चोरट्या प्रतीसारखं साधं; खरखर मुद्दाम तशीच ठेवली आहे, असा खुलासा थेट लेबलावर. जॉन एंटविसलचा बास इथे स्वतंत्र गिटारसारखा धावतो, आणि टाउनशेंड जागा सोडून वाजवतो. फिलमोरमधला पसारा आता आटोक्यात आला आहे.

मात्र १९७०च्या तबकडीवर गाणी सहाच. त्या रात्री वाजवलेला ‘टॉमी’ त्यात नाही. ‘माय जनरेशन’च्या ओघात त्याचे तुकडे तेवढे कानी पडतात. वाजवलेला सगळा ‘टॉमी’ २००१च्या आवृत्तीत मिळाला. म्हणजे मेहेरबाबांच्या प्रभावातून आलेलं बरंचसं संगीत एकतीस वर्षं बाहेर राहिलं होतं.

१९७२च्या एकल तबकडीवर टाउनशेंडने मेहेरबाबांच्या प्रार्थनेला चाल लावली. गाण्याचं नाव ‘परवरदिगार’. ते स्टुडिओतलं, नितळ आणि शांत आहे. त्यामागची धडपड समजायची तर आधी फिलमोर ऐकावं, मग लीड्सची २००१ची आवृत्ती. सहा गाण्यांवर थांबलेल्या श्रोत्याला उत्तम रॉक मिळतो, पण नगर जिल्ह्याशी असलेलं त्याचं नातं निसटतं.