जुने दुखणे, नवा खेळ : कॅरमचा स्ट्रायकर कसा निवडाल?

विहाराच्या ओट्यावर, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, गल्लीच्या तोंडाशी उलट्या ठेवलेल्या पिंपावर, जिथे चार माणसे जमतात तिथे आपल्या वस्तीत कॅरम असतोच. धावावे लागत नाही, मैदान लागत नाही, पाऊस आला तरी खेळ थांबत नाही. म्हणूनच हात मोडून बरा झालेला, खांदा धरलेला किंवा मशीनमध्ये बोट सापडलेला माणूस पुन्हा चार लोकांत बसायला लागतो, तेव्हा बहुधा कॅरमकडेच वळतो. मुले मोठी झाल्यावर पहिल्यांदाच बोर्डाशी बसणाऱ्या ताई-मावशीही आता दिसू लागल्या आहेत.

बसायला हरकत नाही. उलट बसावेच. दुखणे घेऊन घरात एकटे पडून राहण्यापेक्षा चार माणसांत हसत-बोलत खेळणे मनाला आणि हाताला दोघांनाही चांगले. फक्त एक गोष्ट आपण विसरतो. धडधाकट पोराच्या हातातला स्ट्रायकर उचलून आपण त्याच्याच जोराने मारायला जातो. दोन दिवस मजा वाटते, तिसऱ्या दिवशी मनगट सुजते आणि मग “हा खेळ आपल्यासाठी नाही” म्हणून उठून जातो. खेळ आपल्यासाठीच असतो. हातातले साधन आपल्या हाताला जुळलेले नसते, एवढेच.

टिचकी कुठून निघते?

टिचकी बोटाने मारतो, पण तिची ताकद बोटात नसते. बोट सरळ करणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला सुरू होतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. बोट सुटते त्या क्षणी मनगटाला स्थिर राहावे लागते, कोपराला ताण सोसावा लागतो आणि बोर्डाच्या पलीकडे वाकताना खांदा हात धरून ठेवतो. म्हणून मनगटाचे जुने हाड, कोपराचे जुने दुखणे, आखडलेला खांदा, यांपैकी काहीही असले तरी टिचकी मारताना ते बोलू लागते.

स्ट्रायकर जितका जड, तितका त्याला वेगाने सोडायला बोटाचा झटका जास्त लागतो. तोच झटका उलटून नखाला, बोटाच्या सांध्याला आणि मनगटाला बसतो. हे लक्षात घेतले की निवड सोपी होते.

वजन : आधी हलका, मग जड

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त आणि रुंदी ४.१३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. एका सोंगटीचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते. म्हणजे पूर्ण वजनाचा स्ट्रायकर सोंगटीच्या जवळपास तिप्पट जड. असा स्ट्रायकर गर्दीत घुसतो, चिकटून बसलेल्या सोंगट्या फोडतो आणि धडकेनंतरही पुढे सरकतो. फोडायच्या पहिल्या शॉटला तो उपयोगी पडतो. म्हणून नवे खेळाडू दुकानात गेले की “सगळ्यात जड द्या” म्हणतात.

जुने दुखणे असलेल्याने नेमके उलटे करावे. १५ ग्रॅमच्या बराच खालचा, हलका स्ट्रायकर घ्यावा. तो सोंगटीला धडकून लवकर थबकतो, त्यामुळे सुरुवातीला खेळ थोडा तोकडा वाटेल. पण समोरच्या भोकात एक सोंगटी सरळ ढकलायला, अलगद कट मारायला तो पुरतो. आणि नव्या खेळाडूने शिकायचे असते ते हेच. जोराचा शॉट शेवटी शिकायचा. महिनाभर खेळून दुसऱ्या दिवशी सकाळी हात दुखत नसेल, तर थोडा जड स्ट्रायकर हातात घ्यावा. तोही जमला तर पुढचा.

दुकानात वजन लिहिलेले नसते आणि किराणा दुकानाच्या काट्यावर एक-दोन ग्रॅमचा फरक नीट कळत नाही. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघा, मिनिटाचे काम आहे.

कड आणि तळ

वजनानंतर बघायची ती कड. स्ट्रायकरच्या काठावरून बोट फिरवा. टवका उडालेला, खरखरीत काठ असेल तर घेऊ नका, नखाला आणि नखाखालच्या कातडीला तो रोज ओरखडत राहतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे विशेष पाळावे. मधुमेहात बोटांची जाणीव कमी होते, जखम झालेली कळत नाही, आणि कळली तरी लवकर भरत नाही.

मग स्ट्रायकर सपाट काचेवर ठेवून भोवऱ्यासारखा न फिरवता नुसता सरकवा. डगमगला किंवा खडखडला तर तळ सपाट नाही. असा स्ट्रायकर सरळ जात नाही, आणि तो सरळ जावा म्हणून आपण नकळत जोर वाढवतो.

जुन्या मोडलेल्या बोटाची पकड कमी असेल तर काठ फार निसरडा नसलेला स्ट्रायकर बरा. बोटात नीट बसला की धरून ठेवायला ताकद घालावी लागत नाही.

बोर्ड गुळगुळीत, तर हात सुखी

खरे सांगायचे तर निम्मे दुखणे स्ट्रायकरमुळे होतच नाही, खडबडीत बोर्डामुळे होते. फुगलेला, ओल धरलेला बोर्ड असला की स्ट्रायकर अडतो आणि प्रत्येक शॉटला दुप्पट जोर लावावासा वाटतो. हलक्या टिचकीने स्ट्रायकर समोरच्या चौकटीला लागून परत आपल्याकडे यायला हवा. येत नसेल तर आधी बोर्ड कोरड्या सुती कापडाने पुसा, चिमूटभर पावडर टाका. पावसाळ्यात बोर्ड भिंतीला टेकवून ओलीत ठेवू नका.

इथे घरातल्यांसाठी एक सूचना. कॅरमची पावडर बहुधा बोरिक पावडर असते. ती पोटात गेली तर विषारी आहे, लहान मुलांना तर फारच. डबा स्वयंपाकाच्या फळीवर, खाण्याचा सोडा किंवा साखरेजवळ ठेवू नका. बोर्डावरची पावडर तोंडाने फुंकू नका, शेजारी बसलेल्या दमेकऱ्याच्या नाकात जाते. खेळून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भजी-चहाला हात लावू नका.

पूर्ण मापाच्या बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. खांदा वर जात नसेल तर सुरुवातीला लहान बोर्ड घ्या, पलीकडे ताणावे लागत नाही. बोर्ड जमिनीवर ठेवून वाकून खेळल्याने कंबर आणि मान दोन्ही जातात. स्पर्धेत बोर्ड जमिनीपासून ६३ ते ७० सेंटिमीटर उंच ठेवतात. घरी पिंप, जुने टेबल, काहीही चालेल, पण ते हलता कामा नये आणि बसायला स्टूल हवे.

दुखण्याप्रमाणे खेळ बदला

मनगटाचे हाड मोडून बसलेले असेल, तर मनगट वाकवून मारायचे शॉट सुरुवातीला सोडा. मनगट सरळ ठेवून समोरचेच शॉट खेळा. क्रेप बँडेज बांधायचे असेल तर हलकेच बांधा. बोटे गार पडली किंवा निळसर झाली तर लगेच सोडा.

तर्जनी दुखावलेली असेल, तर मधल्या बोटाने मारायला शिका. नव्या खेळाडूला कोणतेही बोट सारखेच नवे, त्यामुळे त्याला हे जुन्या खेळाडूपेक्षा सोपे जाते. अंगठ्याने मारलेला शॉटही आंतरराष्ट्रीय नियमात चालतो. पण अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर तो टाळा.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर हलका स्ट्रायकर आणि गुळगुळीत बोर्ड हेच मुख्य औषध. अशा हाताने खेळाच्या दिवशी पिळून कपडे वाळत घालणे किंवा जड बादली उचलणे जमेल तेवढे दुसऱ्याकडे सोपवा.

बसण्यापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवा. मग मूठ उघडा-मिटा, अंगठा एकेका बोटाला लावा, मनगट हळूहळू वर-खाली करा. पहिला आठवडा पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त खेळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर खेळ निम्मा करा. तसाच असेल तर तेवढाच ठेवा. बरा असेल तर थोडा वाढवा.

मेडिकलमधून गोळी घेऊन खेळायला बसू नका. गोळीने दुखणे थांबत नाही, फक्त कळेनासे होते, आणि आपण दुखऱ्या हातावर आणखी जोर देतो. वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांना धोका जास्त. आणि पैसे लावून खेळणे तर मुळातच सोडा. खिशातली मजुरी डावावर असली की रात्री बारा वाजले तरी माणूस उठत नाही, मग मनगट कितीही ठणको.

“मुका मार होता” असे म्हणू नका

आपल्याकडे हातावर पडलेल्या माणसाला बहुतेक वेळा “मुका मार आहे, लेप लावा” असे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडू नये म्हणून तोही तेच मानतो. पण अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटे हाड असते. ते मोडलेले पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढल्यावर दिसते. ते तसेच राहिले तर जुळत नाही आणि पुढे कित्येक वर्षे दुखत राहते. तुमचे “जुने दुखणे” असेच असेल, अंगठा ताणल्यावर मुळाशी उमटणाऱ्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर कॅरम सुरू करण्याआधी सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा.

आणखी काही खुणा अशा आहेत, ज्या दिसल्या की खेळ थांबवून डॉक्टरकडे जायचे :

* अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे, विशेषतः रात्री झोपेतून जाग येणे. मनगटात मज्जातंतू दाबला जात असल्याची ही खूण असते. लवकर दाखवले तर साध्या उपायांनी बरे होऊ शकते, उशीर झाला तर बोटांची ताकद जाते.
* मनगट मोडून बसल्यानंतर काही आठवड्यांनी अंगठा अचानक वर उचलता न येणे. कंडरा तुटलेला असू शकतो, आणि तो लेपाने जुळत नाही.
* हात लालसर-निळसर होणे, सूज न उतरणे, नुसता कपडा लागला तरी आग होणे.
* मधुमेह असताना खांदा हळूहळू आखडत जाणे.

मोडलेले हाड बसल्यावर प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपला असे नाही. त्यानंतरचा व्यायाम अर्धा उपचार आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. चिठ्ठी मागून घ्या, लाजू नका.

घरातल्या बायकांबद्दल

पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे पातळ होऊ लागतात. ओल्या मोरीत साधे घसरून हातावर पडले तरी मनगट मोडते. पन्नाशीनंतर असे झाले असेल तर नुसते मनगट बसवून थांबू नका, हाडांची तपासणी करायला सांगा, कारण पुढच्या पडण्यात खुब्याचे हाड जाऊ शकते. प्लास्टर निघाल्या दिवसापासून भांडी, धुणे, पोळ्या यांना लागलेल्या हाताला आराम मिळतच नाही. घरातल्यांनी कामे वाटून घेतली तर त्या हाताला संध्याकाळी अर्धा तास कॅरमसाठी मिळेल, आणि तो खेळ तिच्या हक्काचा असेल.

बोर्डाभोवती मुलींनाही बसवा. कॅरममध्ये २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकणारी काझिमा ही चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी आहे. त्याच शहराच्या मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार कॅरमसाठी मिळाला. कॅरमला वस्तीतली एक खोली आणि एक सपाट बोर्ड पुरतो.

मंडळाच्या पुढच्या वर्गणीतून एक नवा बोर्ड घ्यायचा विचार असेल, तर सोबत दोन-तीन वेगवेगळ्या वजनांचे स्ट्रायकर घ्या आणि त्यांवर रंगाने खूण करा. हलका कोणाला लागतो, जड कोणाला, हे ज्याचे त्याला ठरवू द्या. ज्याचा हात दुखतो तो हलका उचलेल, आणि कोणी त्याला हसणार नाही, एवढी काळजी बाकीच्यांनी घ्यावी.