वाडा कुणाच्या नावावर?

कर्जत-खोपोली लोकलचा लेडीज डबा म्हणजे आमचं हक्काचं माहेर. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी की आलीच खोपोली. प्रवास अर्ध्या तासाच्या आतला. पण तेवढ्यात मेथी निवडून होते, भिशीचा हिशोब होतो, आणि आदल्या रात्रीच्या मालिकेचा निकालही लागतो. मी खोपोलीला नोकरीला होते तेव्हाची, म्हणजे २०१९ सालची ही गोष्ट. त्या वर्षी आमच्या डब्यात रोज एकच खटला उभा असायचा. आरोपी शेवंता!

‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये झी मराठीवर सुरू झाला. पहिला भाग २०१६ साली येऊन गेला होता आणि त्याची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं झाली होती. म्हणजे अण्णांचं पुढे काय होणार, हे आम्हाला आधीच ठाऊक! तरीही रात्री साडेदहाला भांडी तशीच सिंकमध्ये टाकून आम्ही टीव्हीपुढे बसायचो. कारण भुताखेतांच्या भीतीपेक्षा मोठी ओढ वेगळीच होती. लग्नाची बायको माई घरात असताना अण्णा त्या शेवंतेच्या नादाला लागतात कसे, आणि माई ते सोसते कशी? माधव अभ्यंकर, अपूर्वा नेमळेकर आणि शकुंतला नरे या तिघांनी कामं अशी केली की सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा आम्हाला शेजारचाच वाटू लागला.

मतांना काही तोटा नव्हता. चौकच्या काकू रोज ठणकावून सांगायच्या, “त्या सटवीनंच घर बुडवलं. पुरुष काय, त्यांची जातच तशी. बाईनं नको का सांभाळायला?” कॉलेजात जाणारी एक मुलगी मान वेळावून म्हणायची, “काकू, पण शेवंता दिसते किती छान! साडी बघा ना तिची.” यावर काकू गप्प, कारण साडी त्यांनीही नीट बघितलेली असायची.

खोपोलीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी एकदा फाडकन बोलल्या, “शिव्या समद्या तिलाच! अन् तो अण्णा? मिशीला पीळ देत मोकळा फिरतो, त्याला कुणी काय बोलतं का?” डब्यात हशा पिकला खरा, पण मुद्दा बिनतोड होता. शेवंताही कुणाची तरी लग्नाची बायकोच होती. घर दोघांनी मोडलं, नाव मात्र एकीचंच झालं.

बँकेतल्या ताईंचं मत आणखी निराळं. त्याच सुमारास ‘माझ्या नवऱ्याची बायको’ जोरात होती. “त्या राधिकेकडे बघा. नवरा शनायाच्या मागे गेला तर हिनं मसाल्यांचा धंदा उभा केला. नाहीतर ही माई! नुसती रडते. सरळ निघून जावं ना घरातून,” ताई म्हणायच्या. आणि मैत्रिणींनो, कबूल करते, मान डोलावणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते. “स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते की नाही?” असं चांगलं खणखणीत वाक्यही मी टाकलं होतं.

केळवलीला चढणारी एक वहिनी आमच्या गप्पांत कधी बोलायची नाही. खिडकीशी बसून मोगऱ्याच्या कळ्या ओवायची. त्या दिवशी तिनं दोरा खाली ठेवला.

“ताई, माई जाईल कुठं?” तिनं मलाच विचारलं. “माहेरी भाऊ-भावजय. हातात पैसा नाही. वाडा कुणाच्या नावावर आहे ते बघा आधी. मग तिला निघायला सांगा.”

मी काहीतरी उत्तर देणार, तोच ती हळूच म्हणाली, “आमच्याकडं अकरा वर्षं झाली. त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे कल्याणला. मी ती मालिका नाही बघत.”

डोळवली येईपर्यंत डब्यात कुणी बोललं नाही. चौकच्या काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझं ते खणखणीत वाक्य मात्र माझ्याच घशात अडकलं होतं.

घरी येऊन मी कायदा वाचायला घेतला. व्यभिचाराचं जुनं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, म्हणजे मालिका सुरू होण्याच्या जेमतेम चार महिने आधी. तेव्हा “आता रान मोकळं झालं” अशी ओरड आपण ऐकलीच. पण १८६० पासूनचं ते कलम होतं कुणासाठी? तक्रार करायची ती दुसऱ्या बाईच्या नवऱ्यानं. म्हणजे शेवंतेचा नवरा अण्णांवर फिर्याद करू शकला असता. माईला तो हक्कच नव्हता! जणू चोरी झाली होती ती एका पुरुषाच्या मालाची.

मग माईसाठी काय आहे? जोडीदाराचे विवाहबाह्य संबंध हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. पहिली बायको असताना दुसरं लग्न करणं आजही गुन्हा आहे. पोटगी मागता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क बायकोला आहे. कायद्याचा मार्ग सोडून तिला कुणी बाहेर काढू शकत नाही. छळ होत असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. दुसऱ्या दिवशी हे सगळं एका वहीच्या पानावर लिहून मी वहिनीला दिलं. तिनं घडी करून पाकिटात ठेवलं, बोलली काहीच नाही.

त्या रात्री मी आमच्या फ्लॅटचे कागद काढले. वीस वर्षं हप्त्यांना हातभार माझाही. नाव मात्र एकट्या ‘ह्यां’चं. विषय काढला तर चहाचा कप तसाच धरून म्हणाले, “का गं, माझ्यावर संशय आला की काय?” मी म्हटलं, “संशय नाही हो. पण शेवंता आल्यावर कागद बघण्यापेक्षा आधीच बघितलेले बरे!” आपल्या राज्यात राहतं घर बक्षीसपत्रानं बायकोच्या नावे करायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं, वर स्थानिक अधिभार काय तो वेगळा. महिनाभर टाळाटाळ झाली, पण अर्धा हिस्सा माझ्या नावावर झाला.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या. मालिका ऑगस्टमध्ये संपली, तेव्हा निकाल लावायला आमचा डबाच नव्हता. ऑक्टोबरात बायकांना लोकलची परवानगी मिळाली आणि मास्कमागचे डोळे ओळखत आम्ही पुन्हा भेटलो. वहिनी खिडकीशीच होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “ताई, वकिलाकडे जाऊन आले. मी नाही निघणार घरातून. खर्चाचा अर्ज केलाय.” आणि ओवलेला गजरा माझ्या हातात ठेवला.

आता मालिकेतल्या बाईनं काय करायला हवं होतं, असं कुणी विचारलं की मी पटकन मत देत नाही. आधी विचारते, घर कुणाच्या नावावर आहे? तुमच्या घराचे कागद शेवटचे कधी बघितलेत हो?