पडद्यावरचं दुकान पारखताना

पनवेलच्या कापड बाजारात साडी घ्यायला गेलं, की दुकानदार न विचारता दहा-वीस साड्या पुढ्यात उलगडतो. आपण पोत चिमटीत धरून पाहतो, रंगाची शंका आली तर साडी दाराशी उजेडात नेतो. मोबाइलच्या पडद्यावरच्या दुकानात यातलं काहीच करता येत नाही. तरीही पार्सलवाली मुलं आमच्या जिन्यावर रोज भेटतात. मग काही संकेतस्थळं आपलीशी वाटतात आणि काही दोन मिनिटांत नकोशी होतात, ती का?

पहिली गोष्ट भाषेची. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टवर मराठी हवी, असा आग्रह धरला. वाद कोर्टापर्यंत गेला, आणि २०२१ साली दोन्हीकडे मराठी आली. आली खरी, पण मराठी म्हणजे नुसती पाटी बदलणं नव्हे. बटणं मराठीत आणि वस्तूची माहिती इंग्रजीत, असं असलं तर आमच्या सासूबाईंना त्याचा काय उपयोग? संकेतस्थळाची परीक्षा घ्यायची तर शोधाच्या चौकटीत ‘पुरणयंत्र’ असं टाकून पाहावं. समोर पुरणयंत्रच आलं तर ते दुकान आपल्या स्वयंपाकघरात डोकावून गेलंय असं समजा!

दुसरी गोष्ट मापाची, आणि बायकांची फसगत इथेच जास्त होते. फोटोत घसघशीत दिसणारी कढई हातात येते तेव्हा जेमतेम फोडणीपुरती असते. चांगल्या संकेतस्थळावर व्यास, वजन, किती लिटर मावतं हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि एखादा तरी फोटो हातात धरलेल्या वस्तूचा असतो. साडीची लांबी तर वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. सहावारी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर आणि नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. ‘नऊवारी’ म्हणून साडेसहा मीटर विकायला ठेवलेली असेल तर फोटो कितीही देखणा असो, पुढे चला. टेप आणि फोन शेजारी घेऊन बसायची सवय लावून घ्या, बरं का.

किमतीचं तर विचारूच नका. वस्तू ३९९ रुपयांना दिसते, आणि पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत हाताळणी खर्च, पॅकिंग, कुणाला तरी देणगी असं करत आकडा फुगतो. सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत एका आकड्यात, तपशिलासह दाखवायला हवी, आणि संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादीच काढली आणि त्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण ठेवून आपल्याला ओशाळं करणं, हे सगळं त्यात आहे. (हे शेवटचं वाचून मला एका नातेवाइकांची आठवण झाली, पण ते असो.)

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी घरखर्चातून बाजूला टाकलेल्या ३,४०० रुपयांचा मिक्सर मागवला. आला तो तडा गेलेल्या भांड्यासह. पानावर लिहिलेलं, ‘ही वस्तू परत घेतली जात नाही.’ घरात बोलणी बसली ती वेगळीच. पण माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. बाईंनी खोका उघडताना फोटो काढले होते. त्यांनी तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असायलाच हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. तिथून काही हललं नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिसऱ्या आठवड्यात पैसे परत आले. म्हणून मी तर आता वस्तूच्या आधी ‘परत करण्याचे नियम’ हे पान उघडते. ते सापडायलाच पाच मिनिटं लागली, तर तिथे खरेदी नाही.

माल हातात आल्यावर पैसे, ही सोयही आपल्याला उगीच आवडत नाही. टपालखात्याची व्ही. पी. १८७७ सालापासूनची; आपल्या आज्या पोस्टमनकडून पुडकं सोडवून घेत, तेव्हा पैसे मोजत. फ्लिपकार्टने २०१० मध्ये हाच मार्ग धरला, आणि कार्ड नसलेल्या घरांतूनही मागणी सुरू झाली. मात्र पैसे दिल्याशिवाय पार्सल बहुधा उघडू देत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

अभिप्राय वाचायचे ते पाच चांदण्यांचे नाही आणि एका चांदणीचेही नाही. दोन-तीन चांदण्या देणारी बाई बहुतेक वेळा वस्तू खरोखर वापरलेली असते. ‘झाकण घट्ट बसत नाही, पण भांडं जाड आहे’ असं तीच लिहिते, आणि सोबत आपल्या ओट्यावरचा फोटोही टाकते.